नीळकंठरावांच्या बारा अळ्या

सुविद्य कॉलनीचं नाव काढलं की यवतमाळचा ऑटोवाला मान फिरवतो आणि दुसरं गिऱ्हाईक बघतो. इथला प्रवासी नुसता बसत नाही. तो रस्ता सांगतो, गिअर कधी बदलायचा ते सांगतो, आणि उतरताना मागच्या चाकात हवा कमी आहे असं बजावून जातो. चौतीस घरं आणि एकेचाळीस निवृत्त माणसं. त्यांतली निम्मी सरकारी खात्यात होती आणि उरलेली दुसऱ्या सरकारी खात्यात. इथं कुणाला काही विचारायची सोयच नाही, कारण विचारण्याआधी उत्तर मिळतं आणि ते चुकीचं असतं. मी ह्याच कॉलनीत एकवीस वर्षं राहतोय, त्यामुळे माझ्याबद्दल काय समजायचं ते समजा.

ह्या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे आमचे नीळकंठराव. कृषी खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त. फुलसावंगी, बोरी अरब असा अर्धा जिल्हा त्यांनी जीपमधून पाहिला आणि कपाशीची काही लाख बोंडं स्वतःच्या हातानं फोडून तपासली, असं ते सांगतात. बोंडांकडून ह्याची खातरजमा झालेली नाही.

खात्यानं त्यांना नोकरीत जे काही दिलं ते त्यांनी निवृत्त होताना परत केलं. जीप दिली, कपाटाच्या किल्ल्या दिल्या. एक शब्द मात्र घरी घेऊन आले. आर्थिक नुकसान पातळी. शेतात अळी दिसली की शेतकरी घाबरून फवारत सुटतो, तसं करू नये, आधी मोजावं, असा त्याचा अर्थ. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा शंभरात दहा बोंडं किडकी निघाली, तरच पंप पाठीवर घ्यायचा. त्याखाली असेल तर निसर्ग त्याचं तो बघून घेतो. शेतासाठी ही शहाणपणाचीच गोष्ट आहे. नीळकंठरावांनी ती संसाराला लावली. स्लॅब गळायला लागला तेव्हा त्यांनी खाली बादली ठेवून तीन पावसाळे थेंब मोजले. दाढ दुखायची तर दिवसातून किती कळा येतात ते लिहून ठेवायचे. त्यांच्या पत्नीनं, पद्मजाताईंनी, चौतीस वर्षांत ज्या तक्रारी केल्या त्यांतली एकही नुकसान पातळी ओलांडू शकली नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची एकुलती मुलगी मधुवंती पुण्याहून बाळंतपणासाठी आली. आठवा महिना, पहिलंच बाळ. आणि नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या बाबारावांचा नातू अंकुर तापानं फणफणला. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. मधुवंतीच्या डॉक्टरीणबाईंनी पद्मजाताईंना जवळ बसवून स्पष्ट सांगितलं, की ह्या दिवसांत हिला डेंग्यू झाला तर आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येऊ शकतो, हिला डास चावता कामा नये, बाकी मी बघते. पद्मजाताईंनी घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि मच्छरदाणी शोधायला माळ्यावर चढल्या.

कॉलनीनं आपल्या परीनं साथीचा मुकाबला सुरू केला, म्हणजे मीटिंग घेतली. दोन तासांच्या चर्चेनंतर धूर मारणारी मशीन बोलवावी असा ठराव झाला. मशीन आली. तो भोंग्यासारखा आवाज, तो पांढरा लोट, काय थाट होता. धूर घरात शिरू नये म्हणून चौतीसही घरांनी दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या. डास आतच होते. बाहेर रस्त्यावर जो कुणी डास असेल त्याची मात्र मोठी गैरसोय झाली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मैनाबाई आली.

मैनाबाई म्हणजे घरोघरी पाणी तपासत फिरणारी. पन्नाशीची, काटक, पायात प्लास्टिकचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक बॅटरी, पाना, खडू, औषधाची बाटली आणि दोन वह्या. एका वहीत कुणाकडं ताप आहे ते, दुसरीत कुणाकडं अळी आहे ते. तिची पद्धत अशी, की घरात शिरल्यावर माणसाकडं बघायचंच नाही. आधी ड्रम, मग टाकी, मग फ्रिजच्या मागचा ट्रे, मग कुंड्यांखालच्या ताटल्या. हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर माणूस. आणि माणसाकडं बघताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी एकदाच पाहिलाय, अंडं नासकं निघाल्यावर.

आमच्या भागात नळ पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे कॉलनीत भांडं म्हणून जे जे आहे त्यात पाणी भरून ठेवलेलं असतं. मैनाबाईनं सांगितलं, की आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करायचं, घासायचं, कोरडं ठेवायचं. गुरुवारी. हे ऐकून कॉलनी हसली. पुष्कळ शिकलेली माणसं एकदम हसतात तेव्हा फार वाईट दिसतं.

नीळकंठरावांकडं ती गेली तेव्हा मीही तिथंच होतो, त्यांचा चहा पीत. खिडकीतल्या कूलरचं पाणी मे महिन्यापासून तसंच होतं. मैनाबाईनं बॅटरी मारली आणि म्हणाली, "अळी हाय."

अळी हा शब्द कानावर पडताच नीळकंठरावांच्या अंगात बत्तीस वर्षांची नोकरी संचारली. चष्मा लावून ते कूलरवर ओणवे झाले आणि मोजू लागले. बारा भरल्या. मग ते सरळ झाले आणि मैनाबाईला त्यांनी जवळजवळ पंधरा मिनिटं नुकसान पातळी समजावून सांगितली. एवढ्या मोठ्या कूलरच्या टाकीत बारा अळ्या म्हणजे प्रादुर्भाव नगण्य आहे. उगाच औषधं टाकून निसर्गाचा समतोल बिघडवू नये. त्यांचं संपल्यावर तिनं विचारलं, "साहेब, तुमाले बोंडं लागले काय?"

मला चहा घशात अडकून ठसका लागला. नीळकंठराव म्हणाले, म्हणजे काय?

"नाई, कपाशीचा हिशेब लावून राह्यले म्हणून पुसलं," मैनाबाई म्हणाली. "ही अळी बोंड नाई खात. हे मोठी झाली का माणूस खाते."

आणि ती कूलरच्या खालचं बूच काढायला वाकली. पण ती पिशवीतून पाना शोधत होती तेवढ्यात नीळकंठराव आत गेले, मुरांब्याची रिकामी बरणी घेऊन आले, आणि तीत कूलरचंच पाणी घेऊन गाळणीनं त्या बाराच्या बारा अळ्या आत उतरवून बरणी मागं लपवून उभे राहिले. मला डोळ्यानं खूण केली, बोलू नकोस. मी बोललो नाही. ह्या गोष्टीत माझा शहाणपणा एवढाच, आणि तो कुणाच्याही उपयोगी पडला नाही. मैनाबाईनं कूलर कोरडा केला, दारावर खडूनं तारीख लिहिली, आणि गेली.

ती गेल्यावर मला त्यांनी योजना सांगितली. ही बाई अडाणी आहे. हिला वादात हरवून उपयोग नाही, हिला आकडे दाखवायला हवेत. एक आठवडा निरीक्षण करायचं, रोज सकाळी मोजणी करायची आणि पुढच्या गुरुवारी तक्ता तोंडावर फेकायचा. बरणी कुठं ठेवायची ह्याचा त्यांनी शास्त्रीय विचार केला. घरात सगळ्यांत चांगला उजेड मधुवंतीच्या खोलीतल्या खिडकीत होता. बरणीला झाकण लावलं नाही, कारण अळ्यांना प्राणवायू हवा. आणि बोंडअळीला भेंडी चालते, म्हणून भेंडीचा एक कोवळा तुकडा आत टाकला. पद्मजाताईंनी बरणीवर निदान फडकं तरी बांधा म्हणून दोनदा सांगितलं. तीही तक्रार पातळीच्या खालीच राहिली.

तो तक्ता मी पाहिला आहे. अक्षर सुंदर, रेघा पट्टीनं मारलेल्या. शुक्रवार, बारा, हालचाल चपळ. शनिवार, बारा. रविवार, बारा, पैकी नऊ स्वल्पविरामाप्रमाणे वाकल्या, भेंडी नाकारली. सोमवार, बाराही वाकलेल्या, अन्नत्याग, बहुधा मरणासन्न. मंगळवार, आठ. बुधवार, तीन. गुरुवार सकाळ, शून्य. पाण्यावर फक्त पातळ कातडी. खाली लाल शाईनं निष्कर्ष: कोणत्याही औषधाविना प्रादुर्भाव शंभर टक्के आटोक्यात.

गुरुवारी त्यांनी कॉलनीतल्या चारपाच जणांना मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. चहा होता, चिवडा होता. मैनाबाई आली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली, आणि कॉलनीत हे पहिल्यांदाच घडत होतं. ती बसली नाही. त्यांनी तक्ता वाचून दाखवला. प्रत्येक आकड्याला थोडं थांबून तिच्याकडं बघत होते. शून्य तर त्यांनी दोनदा वाचलं. बाबाराव अंकुरचा दवाखाना सोडून आले होते, त्यांनीसुद्धा मान डोलावली. तीन दिवसांपासून त्यांनाही ताप होता, पण निवृत्त हेडक्लार्कच्या मानेला तापाचा अडथळा होत नाही.

मैनाबाईनं तक्ता हातात घेतला. वाचला. मग बरणीत वाकून पाहिलं.

"मंग गेल्या कुठी?"

मेल्या, असं नीळकंठराव म्हणाले.

"मढे दाखवा."

मैनाबाईनं भेंडीचा तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि बशीत ठेवला. नीळकंठराव म्हणाले, की ह्या कोषात जाणं शक्य नव्हतं, कारण कोष करायला अळी जमिनीत उतरते, आणि बरणीत माती कुठं होती? बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. बत्तीस वर्षं ज्या माणसानं गावोगावच्या शेतकऱ्यांना अळीचा कोष आणि कोषाचा पतंग होतो हे रंगीत चित्रं दाखवून शिकवलं, त्याच्या डोक्यात ते चित्र आता कुठं उघडत होतं.

"अळीचा पतंग होते हे तुमीच लोकायले सांगत होते ना साहेब?" मैनाबाईनं विचारलं. "पाण्यातल्या अळीचा पाण्यातच होते. त्याले माती नाई लागत."

आतल्या खोलीतून मधुवंती बाहेर आली. दुपारची झोपून उठली होती. बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. आईला म्हणाली, दोन दिवसांपासून हाताला फार खाज येतेय, जरा खोबरेल दे.

पद्मजाताईंनी खोबरेल आणलं नाही. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. मी त्या घरात एकवीस वर्षं चहा पितोय, पण त्या बाईला इतकं स्पष्ट काही बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्या तर एक शब्द बोलल्या नाहीत. नीळकंठराव खुर्चीवर बसले. तीच खुर्ची, मैनाबाईसाठी मांडलेली.

पुढचं सगळं मैनाबाईनं केलं. मधुवंतीला हॉलमध्ये आणून मच्छरदाणीत बसवलं. खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि आम्हा चौघा पुरुषांना हातात विजेच्या बॅट देऊन आत उभं केलं. हे डास नवे आहेत, लांब जात नाहीत, अंधारात कपड्यांमागं, पलंगाखाली बसून राहतात, पायांवर पांढरे पट्टे असतात, ते बघायचं. मग नीळकंठरावांना म्हणाली, "आकडा तुमच्यापाशीच हाय. बारा मोजून द्या मले."

कृषी खात्याचा निवृत्त मंडळ अधिकारी पलंगाखाली पालथा पडून बॅटरी मारतोय, एक निवृत्त मुख्याध्यापक मधुवंतीच्या ड्रेसेसमध्ये तोंड खुपसून उभा आहे, आणि बाबाराव अंगात ताप घेऊन पडदा झटकतायत, असं ते दृश्य होतं. मला दोन सापडले. बाबारावांनी एक मारला आणि चार मारल्याचं सांगितलं, पण मैनाबाई प्रत्येक मेलेला डास कागदावर ठेवायला लावत होती, त्यामुळे त्यांची अडचण झाली. दीड तासात नऊ भरले. आम्ही दमलो. मुख्याध्यापकांनी विचारलं, तीनच तर उरलेत, ते चावलेच पाहिजेत असं काही आहे का?

मैनाबाई कागदाची पुडी बांधत म्हणाली, "अर्धे नर राह्यते सर. ते चावत नाई. नुसते भणभण करत फिरते." आणि तिनं बॅट घेतलेल्या आम्हा चौघांकडं पाहिलं.

मग तिनं काय काय सांगितलं ते पद्मजाताईंनी पाठ केलं. डास जन्मतः रोग घेऊन येत नाही. तापाच्या माणसाला चावतो, मग आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला देण्याजोगा होतो. म्हणजे आज झालेली खाज ही नुसती खाज असू शकते. पण शेजारी तापाचं घर आहे, म्हणून ह्यापुढं एकही चावता कामा नये. बाबारावांना तिनं तिथंच बखोटीला धरून रक्त तपासायला पाठवलं. तो डेंग्यूच होता. तीन दिवस ते प्रत्येकाच्या घरी चहा पीत हिंडले होते.

आता नीळकंठरावांविषयी. मी त्यांची एवढी टवाळी केलीय, ती मागं घ्यायचा माझा विचार नाही. पण जे घडलं ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मधुवंतीच्या रिकाम्या खोलीत स्टुलावर नीळकंठराव बसलेले. अंगात गंजीफ्रॉक, खाली अर्धी चड्डी, हातपाय उघडे. खिडकीवर पडदा, हातात बॅट. हे डास सकाळी आणि दिवस कलताना चावतात, असं मैनाबाईनं सांगितलं होतं, म्हणून ह्या दोन वेळा ते तिथं बसणार होते. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, सापळा आहे. पतंगांसाठी शेतात कामगंध सापळा लावतो, त्यात मादीचा वास ठेवलेला असतो, त्यावर पतंग येतात, तसंच.

मी म्हणालो, सहासष्टाव्या वर्षी कामगंध म्हणणं जरा धाडसाचं होतंय.

"मग घामगंध म्हण," ते म्हणाले. "पण बोलू नकोस. डास येतील."

रोज असे ते बसत. पद्मजाताई दाराशी चहा ठेवून जात, बोलत नसत. तिसऱ्या दिवशी एक मिळाला. सातव्या दिवशी आणखी एक, तो मारताना त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर बॅट हाणली आणि आठवडाभर लंगडत होते. पांढऱ्या पट्ट्यांचे डास त्यांनी कागदात ठेवले होते. अकरा झाले. बारावा मिळेना. बाराव्याची वाट पाहत माणूस आणखी दहा दिवस उघडा बसला, पाठीवर पुरळ उठलं, कॉलनी दारातून डोकावून हसत होती. मीही हसत होतो, पण जरा बाजूला जाऊन.

अठराव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली.

रक्त तपासलं. डेंग्यू. त्याच दिवशी पद्मजाताईंनी मधुवंतीचंही रक्त दिलं. ते स्वच्छ आलं. हे कळल्यावर नीळकंठराव एकशेचार तापात मला म्हणाले, "बारावा मिळाला रे." मैनाबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की तो बारावाच होता का बाबारावाच्या घरचा होता, डासाच्या अंगावर नाव नसते. पण तापाच्या वहीत तिनं नीळकंठरावांचं नाव लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नोंद केलेला माणूस पहिल्यांदाच कुणाच्या तरी तक्त्यात शिरला होता.

दवाखान्यात प्लेटलेट रोज उतरत होत्या. ऐंशी हजार, बावन्न, एकतीस. पद्मजाताई गळाठून गेल्या. नीळकंठरावांनी डॉक्टरांना विचारलं, की बाहेरून प्लेटलेट चढवत का नाहीत? तरुण डॉक्टर होता, हसतमुख. त्यानं समजावलं, की रक्तस्राव नसेल तर एका ठरावीक पातळीच्या खाली गेल्याशिवाय चढवत नाहीत, उगाच चढवून उपयोग नसतो, शरीर त्याचं ते भरून काढतं, आपण वाट पाहू.

नीळकंठरावांनी माझा हात धरला. "वाट कसली पाहता?" ते डॉक्टरांना म्हणाले. "माणूस आहे इथं."

पद्मजाताई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. आधी मला वाटलं रडतायत. मग खांदे हलताना दिसले आणि हसण्याचा आवाज आला. त्या थांबेचनात. नीळकंठराव आधी रागावले, मग त्यांनाही समजलं, आणि एकतीस हजार प्लेटलेटवाला तो माणूस कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी आकडा चढायला लागला. शरीरानं त्याचं ते भरून काढलं होतं. डॉक्टरचं बरोबर होतं, आणि हे नीळकंठरावांनी अजून मान्य केलेलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मधुवंतीला मुलगी झाली. सुखरूप, साडेसहा पौंडांची, आवाज आजोबांचा. तिला घरी आणल्यावर पहिल्याच गुरुवारी मैनाबाई आली. मी होतोच, चहा होता. नीळकंठराव नऊ किलो उतरले होते, शर्ट अंगावर लटकत होता, पण गेटमध्ये उभे राहून त्यांनी तिचं स्वागत केलं आणि स्वतः सगळं दाखवत नेलं. कूलर कोरडा आणि उलटा. फ्रिजचा ट्रे कोरडा. कुंड्यांखालच्या ताटल्या गेलेल्या. मागच्या अंगणात एकच मोठा ड्रम भरलेला होता, कारण नळ अजून दोन दिवस यायचा नव्हता आणि बाळंतिणीचं घर होतं. त्यावर झाकण होतं, झाकणावर वीट होती. हे सगळं बघून मैनाबाई काहीतरी चांगलं बोलेल असं त्यांना वाटत असावं. ते तसे उभे होते.

तिनं वीट उचलली, झाकण उचललं, बॅटरी मारली. बराच वेळ आत पाहिलं.

"एक हाय," ती म्हणाली.

आत बाळ रडत होतं. नीळकंठरावांचं तोंड उघडलं. ओठ जुळले, 'पात' एवढं मी स्पष्ट ऐकलं, आणि मग त्यांनी ते तिथंच गिळलं. त्यांनी ड्रमला दोन्ही हातांनी मिठी मारली. अशक्तपणामुळे तो हलेना, तेव्हा मला म्हणाले, बघत काय राहिलास, चहा ठेव खाली आणि हात लाव.

दोनशे लिटर पाणी अंगणात सांडलं, आमच्या चपलांसकट. मैनाबाईनं दारावर खडूनं तारीख लिहिली आणि मग पहिल्यांदाच हात धुऊन विचारलं, की नात कशी आहे ते दाखवता का.